श्रीगाडगेबाबा : एका खापराचा संसार



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा व अवधूत यांचा संवाद आला आहे. नाथमहाराजांनी त्या स्कंधावर विस्ताराने टीका लिहिली व ती आपल्या संप्रदायात मठोमठी वाचली जाते, तेव्हा तो प्रसंग आपणांस नव्याने सांगायला नको. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत एक भ्रमर आहे. भ्रमर फुलावर बसतो, थोडा रस घेतो, पाकळीलासुद्धा धक्का लावीत नाही आणि पुढच्या फुलाकडे जातो. त्याच्याच शेजारी साठा करणारी मधमाशी आहे. ती थेंब थेंब गोळा करून पोळे भरते, आणि एके दिवशी मध काढणारा येतो व सगळे घेऊन जातो. साठाही गेला आणि घरही गेले. अवधूत यावरून शिकला ते असे की, घ्यावे थोडे, साठवू नये, आणि ज्याच्याकडून घेतले त्याला इजा होऊ देऊ नये.

हा दृष्टांत पुराणातला म्हणून आपण ऐकतो, मान डोलावतो आणि घरी जाऊन कोठीला कुलूप लावतो! परंतु आगगाडी आली, गिरण्या आल्या, छापखाने आले, अशा काळात आपल्याच महाराष्ट्रात एक पुरुष अर्धशतकाहून अधिक काळ त्या भ्रमरासारखा जगून गेला. त्यांना आपण श्रीगाडगेबाबा म्हणतो. त्यांचे चरित्र पुष्कळांनी लिहिले आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तर ते बाबांच्या हयातीतच, १९५२ साली लिहिले. मग पुन्हा कशासाठी? तर एका प्रश्नासाठी. आज जो तो सांगतो की पृथ्वी तापली, नद्या नासल्या, कचऱ्याचे डोंगर झाले, तेव्हा प्रत्येकाने निसर्ग राखून जगावे. हे ऐकून गरीब माणूस हळूच म्हणतो, अहो, इथे महिन्याचा किराणा भागत नाही, ही श्रीमंतांची व्रते आम्हांला कशी परवडायची? या प्रश्नाचे उत्तर बाबांच्या चरित्रात आहे. उत्तर असे की, हे व्रत मुळात गरिबाचेच आहे. त्याला पैसा लागत नाही. उलट त्याने पैसा वाचतो. कसा, ते पाहू.

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी बाबांचा जन्म झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी. घर परिटाचे. लोकांचे मळलेले कपडे नदीवर न्यायचे, धुवायचे, वाळवायचे आणि ज्याचे त्याला परत द्यायचे, हा घरचा व्यवसाय. आता पाहा, परिटाच्या पोराला एक गोष्ट लहानपणीच कळते, ती पढीक मंडळींना पोथ्या चाळूनही कळत नाही. मळ नाहीसा होत नाही, बरं का! तो कपड्यातून निघतो आणि पाण्यात जातो. आपल्या घाटावर धुतलेला मळ खालच्या गावाच्या पाणवठ्यावर पोचतो. घाण केली की ती कुणाच्या तरी वाट्याला येतेच, हे ज्याला कळले त्याला पुढे आयुष्यभर हातात खराटा धरावासा वाटला, यात नवल ते काय?

झिंगराजी दारूच्या आहारी गेले. घरात जे होते ते गेले आणि शेवटी स्वतः झिंगराजीही गेले. डेबूजी तेव्हा लहान होता. सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आल्या. तेथे मामा चंद्रभानजींच्या घरी डेबूजी वाढला. शाळा त्याने पाहिली नाही. गुरे राखली, गोठा झाडला, नांगर धरला, पुराच्या पाण्यात पोहला. गोठा त्याच्या हाताखाली आरशासारखा राही आणि शेतात तो दोन गड्यांचे काम एकटा करी, असे जुने लोक सांगत. पुढे कुंताबाईंशी लग्न झाले. संसार सुरू झाला.

मामांची शेती चांगली होती. पण सावकाराचे कर्ज झाले. कर्ज म्हणजे वाळवी आहे. वरून लाकूड शाबूत दिसते आणि आत भुसा झालेला असतो. कागदावर अंगठे उमटत गेले, व्याजावर व्याज चढत गेले आणि एके दिवशी उत्तम जमीन सावकाराच्या नावावर गेली. त्या धसक्याने मामा गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजी आडवा उभा राहिला, ही कथा वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. पण त्या शेतातल्या भांडणापेक्षा त्याच्या मनात जे पेरले गेले ते आपल्या विषयाचे आहे. बापाला दारूने खाल्ले, मामाला कर्जाने खाल्ले. घरे बुडतात ती दुष्काळाने बुडतात हे खरे. पण लग्नात, बारशात, तेराव्याला, नवसाच्या बोकडात आणि दारूत जो पैसा उधळला जातो त्यानेही बुडतात, आणि ही उधळपट्टी समाज जबरीने करायला लावतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

म्हणून पहिला प्रयोग त्याने घरातच केला. मुलीचे बारसे होते. जातीचा रिवाज असा की बारशाला बकरे पडले पाहिजे आणि दारू वाहिली पाहिजे. डेबूजीने दोन्ही बंद केली आणि पंगतीला गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले, नावे ठेवली. पण जीव वाचला, पैसा वाचला आणि कुणी झिंगून पडले नाही. एका पंगतीत तीन पुण्ये घडली! आज आपण ज्याला निसर्गाचे रक्षण म्हणतो आणि ज्याला घरखर्चाची काटकसर म्हणतो, ती दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या बारशात दिसले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. काठ निसरडा. म्हाताऱ्या बायाबापड्या, लेकुरवाळ्या घसरून पडत. डेबूजी यात्रेला जाई तो हातात फावडे घेऊन. लोक स्नान करीत, हा उतार नीट करी, चिखल उपसे, वाट बांधी. पुढे त्याच ठिकाणी बाबांनी घाट बांधविला. क्षेत्राचे नाव पाहा, ऋणमोचन. शास्त्रात देवऋण, पितृऋण, ऋषिऋण अशी ऋणे सांगितली आहेत. पण ज्या नदीत आपण अंग धुतो, जिचे पाणी पितो, त्या नदीचे ऋण कुणी फेडायचे? डुबकी मारून ते फिटत नाही, वाढते. डेबूजी ते फावड्याने फेडीत होता.

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घराबाहेर पडला. वय अठ्ठावीस. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे मडके. घरी म्हातारी आई, पत्नी, लेकरे. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. कुंताबाईंनी आणि सखुबाईंनी त्यानंतर जे सोसले त्याचे चरित्र कुणी वेगळे लिहिले नाही, पण बाबांच्या मोठेपणाखाली ते दगडासारखे बसलेले आहे. हा मार्ग सर्वांनी धरावा असे बाबांनी कधीच सांगितले नाही. घर सोडून साधू व्हा, असा उपदेश त्यांच्या कीर्तनात कुणी ऐकला नाही. घरात राहा, काम करा, लेकरे शिकवा, हेच ते सांगत. तेव्हा त्यांचा गृहत्याग घ्यायचा नाही. त्यांच्या वस्तू कशा होत्या ते घ्यायचे.

आणि वस्तू होत्या तरी किती? मोजून पाहू. एक मडके, म्हणजे गाडगे. त्याचेच फुटके खापर. ऊन लागले की ते डोक्यावर, तहान लागली की ओंजळीत, भाकरी मिळाली की पुढ्यात. टोपी तीच, तांब्या तोच, ताट तेच! एका वस्तूची तीन कामे. अंगावर निरनिराळ्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र. दुसऱ्याने टाकून दिलेले कापड बाबांच्या अंगावर पुन्हा कामाला लागे. कुणी म्हणून त्यांना गोधडेबुवा म्हणे, कुणी चिंधेबुवा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात काड्यांचा खराटा. संपला संसार.

आता या यादीकडे परिटाच्या नजरेने पाहा. मडके फुटले की मातीत मिळते. काही दिवसांनी त्याचे नावही उरत नाही. खराटा झिजला की उकिरड्यावर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात खत होऊन शेतात येतो. चिंध्या सुताच्या, त्याही कुजून जातात. बाबा एकावन्न वर्षे गावोगाव फिरले, पण मागे कचरा म्हणावा असे काही ठेवून गेले नाहीत. उलट जेथे गेले तेथला कचरा कमी करून गेले. योगशास्त्रात यमांमध्ये अपरिग्रह सांगितला आहे आणि नियमांमध्ये शौच सांगितले आहे. अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा अधिक न घेणे, शौच म्हणजे स्वच्छता. विद्वानांनी शौचाचे आंतर आणि बाह्य असे दोन भाग केले, आंतरशौचावर पुष्कळ टीका लिहिल्या आणि बाह्यशौच भंग्याच्या पदरात टाकून मोकळे झाले. ज्याला अक्षर येत नव्हते त्या डेबूजीने दोन्ही भाग पुन्हा एका खराट्याला बांधले.

त्यांची रीत ठरलेली होती. गावात शिरायचे ते झाडतच. कुणाला विचारायचे नाही, कुणाची परवानगी मागायची नाही. गटार तुंबले असेल तर ते मोकळे करायचे, पारावरची घाण काढायची. पोरे गोळा होत, मग मोठी माणसे येत, आणि एक साधू आपल्या दारातली घाण काढतो आहे हे पाहून ज्याला लाज वाटे तो खराटा उचली. भाकरी फुकट घ्यायची नाही. लाकडे फोडून द्यायची, अंगण झाडून द्यायचे, मग दोन घास मागायचे. पक्वान्न पुढे आले तर ते दुसऱ्याच्या ताटात जाई आणि बाबा कुठल्या तरी झोपडीत चटणी-भाकरी खात. रात्री झाडलेल्या त्याच जागेवर कीर्तन.

आणि कीर्तन तरी कसे! आम्ही कीर्तनकार मंडळी अभंग लावतो, पूर्वरंग-उत्तररंग मांडतो, प्रमाणे देतो. बाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या शेतकऱ्याला विचारीत, देव किती, तीर्थात काय मिळाले, बोकड कापून देवी खुश झाली ती कशावरून, लग्नाला कर्ज काढले ते फेडणार कोण? उत्तर श्रोत्याच्याच तोंडून काढून घेत. मधून गोपाळाच्या नावाचा गजर होई आणि हजारोंचा समुदाय डोलू लागे. कीर्तन संपता संपता लोक पाया पडायला धावत, तोवर बाबा अंधारात दिसेनासे झालेले असत. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले.

त्या प्रश्नांतून जो उपदेश निघे, तो आपल्या आजच्या विषयाचा कणा आहे. भाकरी ताट नसेल तर हातावर घ्या, घरधनिणीला कमी किमतीचे लुगडे घ्या, पडक्या घरात राहा, पण लेकराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असा त्याचा आशय होता. येथे पुष्कळांची गफलत होते. त्यांना वाटते, बाबांनी गरिबाला गरीबच राहायला सांगितले. मुळीच नाही! भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याला औषध, बेकाराला काम, गरिबाच्या पोराला शिक्षण आणि मुक्या प्राण्यांना अभय, हा त्यांचा धर्म होता. लादलेले दारिद्र्य त्यांना पाप वाटे. काटकसर त्यांनी सांगितली ती पुढे जाण्यासाठी. दिखाऊ वस्तूंवर जाणारा पैसा अडवायचा आणि तो विद्येकडे वळवायचा. शेतकरी बांध घालून पाणी अडवतो ते साठवून नासवण्यासाठी नव्हे, पिकाला देण्यासाठी. तसाच हा बांध. स्वतः निरक्षर राहिलेल्या या पुरुषाने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्याला बळ दिले, आणि कऱ्हाडचे महाविद्यालय १९५४ साली बाबांच्याच नावाने सुरू झाले.

आता पंढरीकडे वळू. आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरपुरास येत, परंतु राउळात दर्शनाला जात नसत. हे वाचून आपल्यापैकी कुणाच्या मनाला खटकले तर ते स्वाभाविक आहे. विटेवरच्या सावळ्या रूपासाठीच तर आपण पायी चालत जातो. पण बाबा कुठे असत ते पाहा. ते चंद्रभागेच्या वाळवंटात असत, खराटा घेऊन. लाखो वारकरी येत, स्नान करीत, दर्शन घेत, आणि मागे जे टाकून जात ते बाबा उचलीत. आंधळे, पांगळे, महारोगी यांना अन्न देत, वस्त्र देत, त्यांची सेवा करीत. माउलीच्या अंगणात आपण सांडायचे आणि या माणसाने झाडायचे, असा हा व्यवहार चालला. देव ज्याला भेटायला उभा आहे तो राउळात उभा असेल तर राउळात भेटेल, आणि वाळवंटात वाकला असेल तर वाळवंटात भेटेल. बाबांना तो कोठे भेटला असेल याचा निवाडा करणारे आपण कोण?

दुसरी एक गोष्ट त्यांच्या नजरेला पडली. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरीत पाठ टेकायला जागा नव्हती. चोखोबांच्या नावाने आपण टाळ वाजवायचे आणि चोखोबांच्या लेकरांनी पावसात भिजायचे! बाबांनी लोकांकडून पै-पै जमवून त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या, सदावर्ते झाली. चोखामेळा धर्मशाळेची वास्तू त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला, म्हणजे शिक्षणाच्याच कामाला देऊन टाकली. कामे वाढली तेव्हा ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. या कशातही त्यांनी स्वतःसाठी वा घरच्यांसाठी हक्क ठेवला नाही.

वाचकहो, या चरित्रातले मर्म मला येथे दिसते. बाबांनी स्वतःसाठी ज्या वस्तू वापरल्या त्या सगळ्या मातीत मिळणाऱ्या होत्या, आणि लोकांसाठी जे बांधले ते दगडाचे, पिढ्यान् पिढ्या टिकणारे बांधले. आपण आज नेमके उलटे करतो. स्वतःच्या वस्तू अशा घेतो की एकदा वापरल्या आणि फेकल्या, तरी शंभर वर्षांत कुजत नाहीत. आणि गावाची शाळा, गावचा पार, गावचे गटार असे बांधतो की दोन पावसाळ्यांत खचते. जे लवकर मातीला मिळावे ते टिकते आणि जे टिकावे ते मातीला मिळते. एवढे सूत्र सुलटे केले तर पुष्कळ व्याधी बऱ्या होतील, आणि त्यासाठी खिशात पैसा जास्त लागत नाही.

वारीचाच हिशेब करून पाहा. समजा, एका दिंडीत शंभर माणसे आहेत. माणशी दिवसाला चार वेळा चहा-पाणी, प्रत्येक वेळी फेकून द्यायचा पेला, आणि चाल अठरा दिवसांची. म्हणजे एका दिंडीचे ७,२०० पेले वाटेवर पडले. अशा दिंड्या किती, ते आपणच मोजा. त्याऐवजी प्रत्येकाने घरातला एक लहान पेला पिशवीत टाकला तर शंभर पेल्यांत काम भागते, आणि ते शंभर पेले परत घरी येतात. यात खर्च किती? शून्य. बाबांचे खापर म्हणजे दुसरे काय होते? महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्या यांवर बंदी घातली. कायदा झाला ते बरेच झाले. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक दिंडीच्या मागे फिरू शकत नाही, आणि पिशवीतला पेला फिरू शकतो.

घरचेही तसेच. जुने लुगडे, जुने धोतर यांची गोधडी शिवणारी आजी ही बाबांचीच संप्रदायी समजावी. बाजाराला जाताना कापडी पिशवी, पंगतीला पळसाची पत्रावळ आणि द्रोण, भांडी धुतलेले पाणी परसातल्या अळूला वा केळीला, भाजीची देठे-साले खड्ड्यात घालून खत. यांत नवे काय आहे? आपल्या आजीपणजीच्या घरात हे होतेच. मधल्या काळात बाजाराने आपल्याला शिकवले की जुने वापरणे म्हणजे गरिबीची लाज, आणि आपणही ते खरे मानले. बाबांनी चिंध्या अशा दिमाखाने पांघरल्या की गाड्याघोड्यांतून फिरणारे त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. लाज चिंध्यांची नसते. लाज घाणीची आणि कर्जाची असावी, हे त्यांनी दाखवून दिले.

येथे एक न्यायाची गोष्ट बोलली पाहिजे. अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहिला. तो फेस वारकऱ्याच्या तांब्यातून आलेला नाही. वरच्या अंगाच्या शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी नदीत येते, त्याचा तो आहे. तेव्हा सगळा दोष गरिबाच्या माथी मारून मोठ्यांनी मोकळे होऊ नये. पण आपले अंगण स्वच्छ असेल तरच शेजाऱ्याला जाब विचारता येतो. बाबांनी आधी खराटा धरला आणि मग रात्री प्रश्न विचारले. क्रम तो होता. ज्याने दिवसभर गाव झाडले आहे त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते.

१९५६ साल उजाडले. बाबा ऐंशी वर्षांचे झाले होते. शरीर थकले होते, पण फिरणे थांबले नव्हते. त्या वर्षी ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच बाबांनी देह ठेवला. जन्म नदीकाठच्या परिटाचा, पहिली सेवा पूर्णेच्या काठी, मोठी सेवा चंद्रभागेच्या वाळवंटात आणि शेवट पेढीवर. सारे आयुष्य नदीला लागूनच गेले. अमरावतीला त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा हजारो गावांनी हातात खराटे घेतले. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांचे नाव २००५ साली अमरावतीच्या विद्यापीठाला मिळाले.

नाव मिळाले, समाधी झाली, पुण्यतिथी होते. बाबांना यांतले काहीच नको होते, हे आपण जाणतो. मग त्यांना काय द्यावे? येत्या वारीला निघताना पिशवी बांधाल तेव्हा टाळ घ्या, वीणा घ्या, पोथी घ्या, आणि सोबत एक पेला, एक ताटली, एक कापडी पिशवी घ्या. मुक्काम हलवण्यापूर्वी दिंडीतल्या चौघांनी खराटा घेऊन तळ झाडावा. ज्या शेतात आपण रात्र काढली त्या शेतकऱ्याला सकाळी आपले शेत आहे तसे, किंबहुना थोडे अधिक स्वच्छ सापडावे. यात जो पैसा वाचेल तो नातवाच्या वह्यांना जाऊ द्यावा. भ्रमराने फुलावरून उठावे तसे तळावरून उठता आले, की समजावे, बाबांचे दर्शन घडले.

रामकृष्णहरि.